गुलाबी गिटार आणि हळदीची अट

आमच्या घरात लोखंडाबद्दल कोणी चांगलं बोलत नसे. बाबांचा अर्धा जन्म मिठागरात गेला होता, आणि मिठागरात राबलेल्या माणसाचा लोखंडावर भरवसा नसतो. तिथली अवजारं लाकडाची, कारण खाऱ्या पाण्यात लोखंड नेलं की ते बघता बघता पापुद्रे सोडतं. पुढे मिठागरं भरावाखाली गेली, न्हावा शेवाला बंदर आलं आणि बाबा कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर झाले. म्हणजे ज्या लोखंडाला जन्मभर नावं ठेवली त्याच्याच पाठीवर बसून ते पगार आणू लागले. तरी मत काही बदललं नाही. घरातली सायकल गंजली, खिडकीचे गज गंजले, आईची विळी गंजली की ते जेवता जेवता समाधानाने म्हणायचे, "मी बोललो व्हतो." अशा माणसाची धाकटी मुलगी सहा लोखंडी तारांच्या प्रेमात पडली. बरं, साध्या तंबोऱ्याच्या तारा असत्या तर गोष्ट वेगळी. मला हवी होती जपानी बनावटीची इलेक्ट्रिक गिटार, जिच्यावर माणूस श्रेड मेटल वाजवतो. म्हणजे सूर असे धडाधड सोडतो की ऐकणाऱ्याला पहिला सूर कळेपर्यंत विसावा सूरही येऊन गेलेला असतो.

हे खूळ आलं कुठून, असं मला अजून विचारतात. खापर बाबांवरच फुटतं. बंदरातून एका परदेशी खलाशाला त्यांनी ट्रेलरमध्ये बसवून उरणच्या बाजारात सोडलं होतं आणि तो एक कॅसेट सीटवर विसरून गेला. वर नाव नाही, चित्र नाही. बाबांनी ती घरी आणली आणि म्हणाले, "भजनं असतील." सकाळची वेळ होती. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी बटण दाबलं आणि घरात जे काही किंचाळलं, त्याने आईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत गेली. बाबांची खात्री झाली की टेपरेकॉर्डर बिघडला. आमचा काशामामा ओटीवर चहा पीत होता, तो उठून आला. काशामामा म्हणजे आईचा भाऊ, हळदीत वाजणाऱ्या बेंजो पार्टीचा मालक. आमच्या आगरी माणसांच्या लग्नात हळदीला बेंजो नसेल तर पाहुणे जेवतील पण मनापासून जेवणार नाहीत. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, डाव्या हाताला टाइपरायटरसारखी बटणं, आणि उजव्या हातातल्या छोट्याशा पत्तीने तारांवर अखंड, न थांबता झटके. मामाने टेपला कान लावला, डोळे मिटले, आणि माझ्या आयुष्याचा निकाल लावणारं वाक्य बोलला. "कल्पे, या मानसाचा उजवा हात बेंजोवाल्याचा हाय."

मामाने मला बेंजो आधीच शिकवला होता, त्यामुळे माझा उजवा हातही बेंजोवाल्याचाच होता. मनगट सैल, पत्ती तारेला जेमतेम चाटून जायची. आज शहरातली मुलं हीच गोष्ट शिकायला परदेशी मास्तरांचे व्हिडिओ बघतात, घड्याळ लावून सराव करतात. मी ती शिकले खाटेवर बसून, मामाच्या शिव्या खात, समोर सुकत घातलेल्या जवळ्यावरच्या माशा एका हाताने हाकलत. डाव्या हातासाठी कॉलेजातल्या मैत्रिणीच्या भावाची जुनी लाकडी गिटार मागून आणली. तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच की खालून मांजर गेलं असतं. बोटांना घट्टे पडले. वैजू, माझी थोरली बहीण, माझी बोटं बघून म्हणायची, "हळदीत हात दाखवू नको गो, तुना कोन करनार न्हाय."

वैजूचं लग्न तेव्हा ठरलं होतं. घरात माणसांची ये-जा, मडक्यात तांदूळ, पापडाचं वाळवण, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी हळदीला कोण वाजवणार, किती बाया नाचणार. अशात एके दिवशी मामा मुरुडकडच्या एका कार्यक्रमाहून आला तो चपला न काढता आत. "कल्पे! आगरदांड्याला एक चाचा हाय. जहाजावं व्हता. त्याचे घरान जपानी गिटारी हायत. तुझ्या टेपवाल्यासारख्या." मी विचारलं, बघितल्यास का? "बघितल्या. यक त गुलाबी हाय," मामा म्हणाला, आणि बाबांकडे बघून आवाज खाली केला, पण तोवर उशीर झाला होता. "गुलाबी?" बाबांनी निवट्यांच्या कालवणातून मान वर केली. "वाद्य हाय का शिमग्याचा सोंग?"

आम्ही दोघं गेलोच. करंजाहून लॉन्चने रेवसला, तिथून एसटी, मग दुसरी एसटी, आणि प्रत्येक फाट्यावर मी खिडकीतून इतकी बाहेर वाकत होते की मामाला वाटलं मला गाडी लागते. आगरदांड्याच्या जेट्टीजवळ, जिथून पलीकडे दिघीला होडी जाते, इब्राहिमचाचांचं घर होतं. जहाजावरून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, पायात जपानी रबरी चपला. त्यांना जगात तीन गोष्टींचा अभिमान होता. बायकोच्या हातचं सांदण, आपली अख्खी बत्तिशी आणि त्या गिटारी. "आधी चाय, मग चीज," ते म्हणाले. सांदण खाताना माझे डोळे पलंगाखाली. शेवटी चाचीलाच दया आली. "दाखवा ना आता, पोरीचा घास अडकला."

पलंगाखालून लुंग्यांत गुंडाळलेल्या तीन गिटारी आल्या. काळी, पांढरी आणि ती. आता नीट सांगते, कारण हे क्षण पुन्हा लिहायलाही मजा येते. गुलाबी म्हणजे फिका गुलाबी नाही, जत्रेतल्या साखरेच्या माळेचा गुलाबी. तिची शिंगं टोकदार, अंग पातळ, आणि हातात घेतली तर वजन एवढंसं. पाठीमागे जिथे मान अंगाला जोडलेली असते तिथे धातूची चौकोनी पट्टी, तिच्यावर कोरलेलं 'मेड इन जपान'. चाचा त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायचे. "कोबेच्या बंदरात गहाणवटीच्या दुकानातून घेतल्या बेटी. तिथल्या पोरांची फॅशन बदलली, लंबे बाल कापले, गिटारी टाकल्या. मला बघवलं नाय. लकडीचं काम बघ. एवढ्याशा जोडात नख जात नाय." मी नख घालून पाहिलं. खरंच जात नव्हतं. मान मेपलची, उघड्या लाकडाची, वर व्हार्निश नाही. मुसळाला रोजच्या हाताने येतो तसा गुळगुळीतपणा तिला होता. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या अशा बसवलेल्या की तळहात एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरकला तरी कुठे खरचटला नाही. तारा इतक्या खाली की फुंकर घातली तर वाजतील. आणि तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजला एक दांडी. ती दाबली की सगळ्या तारा ढिल्या पडून सूर विहिरीत जातो, सोडली की मागच्या स्प्रिंगा त्याला जागच्या जागी आणतात. पाठीवरचं झाकण मात्र हरवलेलं होतं, स्प्रिंगा उघड्याच दिसत होत्या. "झाकण जपानात राहिलं," चाचा खजील होऊन म्हणाले, जणू मुलीच्या अंगावरचा डाग सांगतायत.

आजकाल या गिटारींना व्हिंटेज म्हणतात. मोबाइलवर लोकांचे गट आहेत, पाठीच्या पट्टीवरचा आकडा वाचून ती कुठल्या कारखान्यातली यावर ते कडाडून भांडतात. मीही त्यात आहे आणि मीही भांडते. तेव्हा मात्र त्या नुसत्या जुन्या गिटारी होत्या, आणि मी नुसती वेडी.

चाचा स्वतः वाजवत नसत. "मी बघणारा," ते म्हणाले. "वाजवणारा कोणी आला तर देईन असं ठरवलं होतं." मी बेंजोवरची एक चाल घेतली, हळू घेतली, मग पुन्हा दुप्पट वेगात. विजेशिवाय ती फक्त कुजबुजत होती, पण चाचांनी पहिल्या ओळीला हातातला कप ठेवला आणि दुसऱ्या ओळीला "या अल्ला" म्हणाले. पैशाचा विषय मामाने काढला तसा त्यांनी हात झटकला. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न व्हायचं होतं. "तुझी अख्खी पार्टी वाजली पाहिजे माझ्या दारात. आणि ही पोरगी पण." मामाने तिथल्या तिथे हात पुढे केला. परतीच्या लॉन्चमध्ये मी गिटार मांडीवर घेऊन अशी बसले होते की एका कोळणीने विचारलं, "कवरे महिन्याचा हाय?"

घरी बाबांनी तिला हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती फिरले, ट्रेलरचे टायर बघतात तसे वाकून बघितलं. आई मध्ये पडली, मामाने शब्द दिलाय म्हणाली. बाबांनी विचार केला आणि अट घातली. ती अट आमच्या घरातल्या माणसालाच सुचू शकली असती. "वैजूचे हळदीला वाजव. बाया नाचल्या त घरान ऱ्हाईल. न्हाय नाचल्या त दुसरे दिवशी आगरदांड्याला परत." मामा म्हणाला, बरोबर आहे. मीही म्हणाले, बरोबर आहे. आमच्याकडे वाद्याची दुसरी परीक्षा नाहीच. बाया नाचल्या तर ते वाद्य, नाहीतर सामान.

मग मी झपाटल्यासारखा सराव केला. हळदीच्या आदल्या दिवशी कॉलेजातून आले तर जागेवर गिटार नाही. खाटेखाली नाही, माळ्यावर नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, कोणी नाव घेईना. आई मागच्या दारी मसाला वाटत होती. शांतपणे म्हणाली, "भातान ठेवलीय." भातात म्हणजे कणगीत. बांबूची, शेणाने सारवलेली, माणसाच्या उंचीची कणगी, वर्षाचं भात तिच्यात. मी धावले. गिटार मानेपर्यंत भातात उभी होती, फक्त डोकं बाहेर. "अगं आय!" मी ओरडले. आईला कळेना मी का ओरडते. "खारी हवा लागून तारा गंजनार त्या. मिठाचे बरनीन तांदूल टाकताव का न्हाय? भात पानी वढून घेतं." तिने ते प्रेमाने केलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिची युक्ती मूर्खपणाची नव्हती. मी गिटार उलटी करून झटकली, मूठभर भात पडलं, पुसली, आणि वाटलं झालं. पाठीवर झाकण नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

हळदीची संध्याकाळ. अंगणात मांडव, मटणाचा आणि वड्यांचा वास, दिवे नुकते लागलेले. वैजू पाटावर पिवळीजर्द. आई वाटी घेऊन येईल त्याला हळद फासत होती. पुढच्या खुर्चीत बाबा, कपाळापासून कोपरापर्यंत हळदीने माखलेले, आणि त्यांच्यामागे सगळ्या आत्या, मावश्या, काक्या पदर खोचून बसलेल्या. मामाच्या पार्टीचा टेम्पो, त्यावर भोंगे. माझी वायर मामाच्या बेंजोचा आवाज वाढवणाऱ्या मशीनला जोडली. त्या मशीनमधून आणि भोंग्यांतून गिटारचा जो फाटका, दाणेदार आवाज आला तो मिळवायला लोक आज वेगळी यंत्रं घेतात. मी सुरुवात केली ती नुसत्या वेगाने. मला सगळं एकदम दाखवायचं होतं ना. वरून खाली, खालून वर, बोटं दिसेनात. एकही बाई उठेना. मोठ्या जनाआत्याने मागे वळून विचारलं, "मशीन बिघरली काय?" मी घाबरून दांडी दाबली. सूर खाली गेला आणि तिथेच राहिला. दांडी वर येईना. आत काहीतरी अडकलं होतं. सगळ्या तारा एकदम बेसूर, ताशावाला पोट धरून हसायला लागला, आणि बाबांनी भुवया वर केल्या. मला त्या भुवयांत आगरदांड्याची एसटी दिसली.

मामा बेंजोवरून वाकला. "कल्पे, शर्यत नको लावू. गानं वाजव." मी डोळे मिटले, दांडी मुठीत धरली आणि होता नव्हता तो जोर लावून तिला खालीवर हिसडे दिले. भोंग्यांतून म्हैस ओरडल्यासारखा आवाज आला, पाठीमागे काहीतरी कटकन सुटलं, आणि गिटारच्या पोटातून भात उडालं. फवाराच. वैजूच्या ओच्यात, तिच्या केसांत, हळदीच्या वाटीत, बाबांच्या मांडीवर. क्षणभर कोणाला काही कळेना. मग जनाआत्या उठून उभी राहिली आणि तिने अशी आरोळी ठोकली की भोंगे लाजले. "लक्सुमी आली गो! वाद्यातून भात आला!" ब्रिज मोकळा झाला होता, स्प्रिंगांनी तारा जागेवर आणल्या होत्या. मी हळदीची आमची जुनी चाल धरली, अगदी साधी, आणि दुसऱ्या फेरीला तिच्यात ते सगळे झटके घातले जे मामाने शिकवले होते आणि जे टेपवाल्याने शिकवले होते. मामाचा बेंजो पाठोपाठ आला. ताशावाल्याने हसणं थांबवून काड्या उचलल्या.

जनाआत्या तर उभीच होती. पण ती कशालाही नाचते, तिला कोणी धरत नाही. मी बघत होते आईकडे. आई हळदीत कधी नाचत नसे. तिला कामं असायची. तिने माझ्याकडे पाहिलं, भाताने भरलेल्या वैजूकडे पाहिलं, आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. मग हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. त्यानंतर मांडवात बसलेली बाई मी पाहिली नाही.

नाच थांबल्यावर, जेवणाआधीच, बाबा माझ्यापाशी आले. त्यांनी गिटार माझ्याकडून घेतली, मानेला घट्ट धरून, हळदीच्या ओल्या हाताने. "कवरी हलकी हाय गो," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं नवल होतं की मी रडले. ते तिला तशीच घेऊन घरात गेले. भिंतीवर एका लाकडी खुंटीला त्यांचं मिठागरातलं जुनं लाकडी अवजार टांगलेलं असे. ते त्यांनी काढून कोपऱ्यात ठेवलं आणि तिथे गिटार टांगली. इब्राहिमचाचांच्या मुलाच्या लग्नात आम्ही वाजवलं, चाचांनी पुढे उभं राहून प्रत्येकाला सांगितलं की ही जपानी आहे. त्यानंतर मी किती मांडवांत वाजले ते मोजलेलं नाही.

गेल्या महिन्यात ऐरोलीहून एक तरुण आला. जुन्या जपानी गिटारी जमवतो, हातमोजे आणि छोटी बॅटरी घेऊन आला होता. बाबा खुर्चीत होते, ते आता फार थकलेत आणि ऐकू कमी येतं. आईचे गुडघे गेलेत, ती पलंगावर बसून मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत होती. तरुणाने गिटार उलटसुलट केली, पाठीची पट्टी वाचली, आणि मानेवर प्रकाश टाकून पुटपुटला, "काकी, हे एजिंग बघा! हा पिवळा रंग. जपानी मेपललाच येतो असा. आणि हे चार पट्टे किती नैसर्गिक." मी म्हटलं, ती हळद आहे. तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करते. मग गंभीर होऊन म्हणाला, मागाल ते देतो, विका. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण बाबांनी काठी आपटली. सगळं ऐकू आलं होतं त्यांना. "आधी वाजव," ते म्हणाले. "बाया नाचल्या त घेऊन जा."

त्या पोराला काय कळणार? मी मशीन लावून दिलं. त्याने वाजवलं, आणि फार सुंदर वाजवलं, हे मी कबूल करते. मी तरुणपणी वाजवायचे त्यापेक्षा वेगवान, एकही सूर न सांडता. मला त्याचा हेवा वाटला आणि प्रेमही वाटलं. आई तांदळातले खडे काढत राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "न्हाय. ऱ्हाली घरान." तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडून गिटार घेतली, अंगठा नेहमीप्रमाणे त्या पिवळ्या पट्ट्यांवर ठेवला आणि हळदीची चाल धरली.

आईने मांडीवरचं सूप खाली ठेवलं.